नुसतं गवत, पाणी आणि मेंढ्या: मग माळ्याने केलं काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही बर्मिंगहॅमला राहता. सांगलीहून आलेल्या आईवडिलांना वुस्टरजवळच्या क्रूमला घेऊन गेलात. ब्राउन नावाच्या फार मोठ्या माणसाने घडवलेली बाग, असं त्यांना सांगितलंत. तिथे एक भलंमोठं घर, नजर पोचेल तिथवर गवत, मेंढ्या, एक तळं आणि अधूनमधून झाडं. जन्मभर शेती केलेले तुमचे वडील म्हणाले, "हे तर माळरान आहे. बाग कुठाय? यात माळ्याने केलं काय?" तुम्हाला उत्तर देता आलं नाही. म्हणून तेच इथे विचारलंत, आणि पुढच्या सुट्टीत त्यांना काय दाखवावं हेही विचारलंत.

मी लँडस्केप आर्किटेक्ट आहे. शिक्षण पुण्यात झालं आणि बरीच वर्षं इंग्लंडमध्ये जुन्या इस्टेटींवरच्या पार्कांच्या जतनाचं काम करते. वडिलांचा प्रश्न अगदी रास्त आहे. आपण बागेत गेलो की वस्तू शोधतो: फुलझाडं, ताटवे, कारंजं, कुंपण. अठराव्या शतकातल्या या इंग्रजी बागांत खरं काम जमिनीच्या चढउतारात आहे, पाण्याच्या पातळीत आहे आणि उभ्या माणसाची नजर कुठवर जाऊ द्यायची, कुठे अडवायची यात आहे. ते सगळं मुद्दाम लपवलेलं आहे. पण एक सांगते, शेतकऱ्याला ही बाग शहरी माणसापेक्षा लवकर उमगते. फक्त सुरुवात देखाव्यापासून न करता पाण्यापासून करायची.

क्रूमचंच घेऊ. १७५१ मध्ये सहावा अर्ल ऑफ कॉव्हेंट्री हा उमराव इथला मालक झाला तेव्हा ही जमीन दलदल होती. एका अंगाला सेव्हर्न नदी, दुसऱ्या अंगाला एव्हन, आणि मध्ये हा सखल, चिकणमातीचा पट्टा. त्याने बोलावलेला लान्सलॉट ब्राउन तेव्हा ३५ वर्षांचा होता. नॉर्थम्बरलँडमधल्या कर्कहार्ल गावातल्या शेतकऱ्याचा मुलगा, १७४१ पासून बकिंगहॅमशरमधल्या स्टो इथल्या बागेत कामाला, पुढे तिथला मुख्य माळी. तुमच्या जमिनीत चांगला वाव आहे, असं तो प्रत्येक मालकाला म्हणायचा, त्यावरून त्याला 'केपेबिलिटी' (म्हणजे क्षमता, वाव) ब्राउन हे नाव पडलं. क्रूम हे त्याने स्वतंत्रपणे अंगावर घेतलेलं पहिलं मोठं काम.

त्याने काय केलं? जमिनीखाली विटांच्या मोऱ्यांचं जाळं बांधलं. दलदलीतलं पाणी त्या मोऱ्यांतून सखल भागाकडे वळवलं, आणि तो सखल भाग खणून तिथे नदी आणि तळं केलं. तुम्ही जिच्या काठाने चाललात ती नदी माणसांनी फावड्याने खणलेली आहे. पाण्याचा निचरा झाला नसता तर घराचा पाया कोरडा राहिला नसता, कुरणात जनावरांचे पाय रुतले असते आणि लावलेली झाडं मुळं कुजून मेली असती. म्हणजे शोभा आणि निचरा ही दोन वेगळी कामं नव्हतीच. अर्लने पुढे ब्राउनच्या स्मरणार्थ तळ्याकाठी एक दगड उभारला. त्यावर लिहिलंय की या माणसाने आपल्या प्रतिभेने दलदलीतून ही बाग घडवली. वडिलांना तो दगड नक्की दाखवा.

तळं धरण्याची रीतही त्यांना आवडेल. आपल्याकडच्या शेततळ्यात अंथरतात तो प्लास्टिकचा कागद तेव्हा कुठला असायला? चिकणमाती ओली करायची, गणपतीसाठी शाडू मळतात तशी मळायची, आणि पातळ थर एकावर एक देत माणसांच्या, जनावरांच्या पायांनी तुडवायची. मातीतली हवा निघून गेली की तो थर पाणी झिरपू देत नाही. बांधाच्या पोटातही याच मातीची उभी भिंत असते आणि दोन्ही बाजूंना साधी माती चढवलेली असते. याच मातीमुळे आजही आमच्या कामाला एक मर्यादा पडते. असं तळं दुरुस्तीसाठी रिकामं करायचं झालं तर उन्हाळ्यात फार दिवस उघडं ठेवता येत नाही. माती वाळली की तडकते, आणि अडीचशे वर्षं धरलेलं पाणी मग धरत नाही.

पाणी अडवणं हे अर्धं काम. बांध दिसू न देणं हे उरलेलं अर्धं, आणि इथे ब्राउनच्या तोडीचा दुसरा कुणी झाला नाही असं माझं मत आहे. ऑक्सफर्डजवळच्या ब्लेनिमला गेलात तर हे सगळ्यात स्पष्ट दिसतं. तिथे व्हॅनब्रू या वास्तुकाराने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एक प्रचंड पूल उभारला होता. त्याच्या पोटात चक्क खोल्या आहेत. पण खालून वाहणारी ग्लाइम म्हणजे एक ओढा. एवढ्याशा पाण्यावर एवढा पूल म्हणून लोक हसायचे. १७६० च्या दशकात ब्राउनला बोलावलं. त्याने पुलाला हात लावला नाही. खाली, वळणापलीकडे, ग्लाइमवर बांध घातला आणि पाणी पुलाच्या खालच्या मजल्यापर्यंत चढू दिलं. खालच्या खोल्या पाण्यात गेल्या, कमानी पाण्यात उतरल्यासारख्या दिसू लागल्या, आणि जो पूल आकाराने बेढब वाटत होता तो त्या पाण्याला शोभून दिसायला लागला. पुलाच्या दोन्ही अंगांना आता तळी आहेत. पण बांध घरातून दिसत नाही, पुलावरूनही दिसत नाही. तळ्याचं टोक झाडीमागे वळतं, त्यामुळे पाहणाऱ्याला वाटतं की ही मोठी नदी आहे आणि पुढे वाहत गेली आहे.

हा एक नियम लक्षात ठेवा. कुठल्याही अशा पार्कात पाण्याशी गेलात की त्याचं टोक शोधा. टोक बहुतेक वेळा सापडत नाही. सापडलं तर तिथे सांडवा असतो, आणि सांडव्याला खडकावरून पडणाऱ्या धबधब्याचं रूप दिलेलं असतं.

आता गवताबद्दल. वडिलांनी नक्की विचारलं असेल की एवढ्याला पाणी कोण देतं. कुणी देत नाही. या भागात वर्षभरात पडणारा पाऊस पुण्यापेक्षा जास्त नाही, पण तो बाराही महिन्यांत वाटून पडतो आणि ऊन सौम्य असतं. गवत कापायचं काम मेंढ्या, गाई आणि हरणं करतात. गवत कापायचं यंत्र आलं १८३० मध्ये, एडविन बडिंग या ग्लॉस्टरशरमधल्या माणसाने काढलं. त्याआधी घराजवळचं थोडं गवत माणसं लांब दांड्याच्या कोयत्याने कापायची, तेही पहाटे, दवाने पात ओली असताना. बाकी सगळं जनावरांवर सोपवलेलं. मेंढी ही या बागेतली माळीण आहे, असं मी नव्या स्वयंसेवकांना अगदी गंभीरपणे सांगते.

पण मेंढ्या घराच्या दारात यायला नकोत, आणि कुंपण घातलं तर नजर तिथेच अडते. यावर तोडगा म्हणजे हा-हा नावाचा खंदक. घराकडच्या बाजूला उभी दगडी किंवा विटांची भिंत, जमिनीच्या पातळीपर्यंतच आणलेली. पलीकडच्या बाजूला जमीन हळूहळू उताराने त्या भिंतीच्या पायापर्यंत उतरते. घरातून पाहणाऱ्याला अंगणातलं गवत आणि पलीकडचं कुरण एकसलग दिसतं, खंदक दिसतच नाही. मेंढी मात्र उतारावरून खाली येते आणि भिंतीशी अडते. ही कल्पना मूळ फ्रेंच. इंग्लंडमध्ये ती रुजवली चार्ल्स ब्रिजमन या बागरचनाकाराने, स्टोच्या बागेत. या एका खंदकाने बागेची हद्दच नाहीशी केली. मालकाला खिडकीतून जे जे दिसतं ते सगळं त्याच्या बागेत आलं, अगदी दूरचे डोंगरसुद्धा. क्रूमला पश्चिमेकडे मॅल्व्हर्नचे डोंगर दिसतात. ते अर्लचे नव्हते, पण ब्राउनने झाडी अशी उघडी ठेवली की ते डोंगर त्या देखाव्याचेच वाटतात.

झाडांकडे येते, कारण माझा निम्मा वेळ झाडांतच जातो. अशा पार्कात झाडं तीन प्रकारे लावलेली असतात. हद्दीवर लांब पट्टा, म्हणजे बाहेरचा रस्ता, शेजाऱ्याची शेतं आणि गाव दिसू नये. कुरणात, साधारण चढावर, गोल पुंजके. आणि एकटी झाडं, मुद्दाम एखाद्या ठिकाणी. ओक, बीच, लाइम, एल्म ही नेहमीची. घराजवळ लेबनॉनचा सीडर, आपल्या देवदाराचा भाऊबंद, आडव्या पसरलेल्या फांद्यांचा. पुंजक्यात सुरुवातीला हवीत त्यापेक्षा कितीतरी जास्त झाडं दाटीने लावत. लवकर वाढणारी झाडं मधून लावत, ती वारा अडवत आणि हळू वाढणाऱ्या ओकला सरळ वर जायला भाग पाडत. मग वीस-तीस वर्षांच्या अंतराने विरळणी, म्हणजे मधली काही झाडं काढून टाकणं. विरळणी झालीच नाही तर झाडं काटकुळी होतात आणि वादळात एकदम पडतात. आज जे जुने पुंजके रोगट दिसतात त्यातल्या बऱ्याच ठिकाणी मधल्या पिढ्यांनी ही विरळणी टाळली होती.

झाडांच्या फांद्यांची खालची कड एका सरळ रेषेत कापल्यासारखी दिसते, हे तुम्ही पाहिलंत का? ती कुणी कापलेली नाही. हरणं आणि गुरं मान वर करून जितकं पोचतात तितकं खातात. त्या रेषेखालून नजर आरपार जाते, दूरचं पाणी दिसतं, दूरचं कुरण दिसतं. गुरं काढून घेतली तर काही वर्षांत फांद्या जमिनीला टेकतात आणि सगळा देखावा मिटतो. म्हणून एखाद्या इस्टेटीने मेंढपाळी परवडत नाही म्हणून बंद करायची ठरवली की मला धडकी भरते. काहीच न करणं हा इथे पर्याय नसतो. वीस वर्षं हात लावला नाही तर कुरणात काटेरी झुडपं येतात, तळ्यात गाळ आणि लव्हाळं येतं, आणि ज्याला आपण निसर्ग समजत होतो त्याला खरा निसर्गच गिळून टाकतो.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: जमिनीखालच्या मोऱ्या, मळलेल्या मातीचा बांध, लपवलेलं टोक, न दिसणारा खंदक, चरणारी जनावरं आणि मोजून लावलेली झाडं. वडिलांनी विचारलं होतं त्याचं उत्तर एवढं.

पण प्रश्नाचा दुसरा भागही तुमच्या लिहिण्यात डोकावतो: असं का करावंसं वाटलं? यावर जाडजूड पुस्तकं आहेत, मी थोडक्यात सांगते. ब्राउनच्या आधीच्या पिढ्यांत मोठ्या घरांपुढे फ्रेंच आणि डच वळणाच्या बागा होत्या, भूमितीत आखलेल्या, छाटलेल्या झुडपांच्या. त्या राखायला माळ्यांची फौज लागायची. इटलीची वारी करून आलेल्या श्रीमंत तरुणांनी तिथली निसर्गचित्रं विकत आणली होती, त्यांना तसे देखावे स्वतःच्या खिडकीतून हवे होते. शिवाय कुरणातून लोकर, मांस आणि लाकूड मिळतं, ताटव्यातून काही मिळत नाही. पैशाचं हे कारण मला चित्रांच्या कारणाइतकंच खरं वाटतं.

त्यापायी किती सुंदर जुन्या बागा मोडल्या गेल्या हेही सांगायला हवं. चॅट्सवर्थ नावाच्या मोठ्या इस्टेटीत घरापुढच्या हिरवळीखाली सतराव्या शतकाच्या अखेरीची एक भव्य आखीव बाग गाडलेली आहे. २०१८ च्या कडक उन्हाळ्यात वरचं गवत वाळलं आणि त्या बागेच्या वाटा, वाफे सगळं नकाशासारखं वर उमटलं. जुन्या वाटांवर मातीचा थर पातळ, मुळं उथळ, म्हणून तिथलं गवत आधी करपलं. ती चित्रं पाहून मला भरून आलं होतं.

ब्राउन स्वतः या कामाकडे कसा पाहायचा याची एक नोंद आहे. १७८२ मध्ये, मरणाच्या काही महिने आधी, त्याने लेखिका हॅना मोर यांना बोट दाखवत समजावलं की इथे मी स्वल्पविराम देतो, तिथे जरा ठाम वळण हवं म्हणून अपूर्णविराम, नजर तोडायची तिथे कंस, मग पूर्णविराम, आणि मग नवा विषय. क्रूमला चालताना हे आठवा. झाडांचा पुंजका जिथे घर झाकतो तो कंस. पुढे दहा पावलांवर घर पुन्हा उघडतं.

आता एक गोष्ट, जी मी प्रत्येकाला सांगते, कारण ती न सांगता या बागांचं कौतुक करणं मला अप्रामाणिक वाटतं. क्रूमला घराशेजारी जुनं चर्च होतं आणि वस्ती होती. दोन्ही हलवली. नवं चर्च टेकडीवर बांधलं, घरातून छान दिसेल अशा जागी. बाहेरून ते ब्राउनचं, आतून रॉबर्ट अॅडम या वास्तुकाराचं, १७६३ मध्ये पुरं झालं. डॉर्सेटमधल्या मिल्टन अॅबसला तर लॉर्ड मिल्टनने आपल्या घरालगतचं सबंध बाजारगाव पाडलं आणि १७८० च्या सुमारास दूरच्या दरीत, दिसणार नाही अशा ठिकाणी, एकसारख्या झोपड्यांचं नवं गाव वसवलं. आज पर्यटक त्या गावाचे सुंदर म्हणून फोटो काढतात. ऑक्सफर्डजवळच्या न्यूनम कोर्टनीलाही असंच झालं. या सगळ्याला जोड होती संसदेच्या कायद्यांची, ज्यांनी गावोगावची गायरानं आणि सामाईक शेतं खासगी मालकीत गेली.

याचा पुरावा तुमच्या वडिलांना कुणी न सांगता दिसेल. वुस्टरशर आणि त्याच्या आसपासच्या बऱ्याच पार्कांत, हिवाळ्यात ऊन तिरपं असताना, गवताखाली लांबच लांब समांतर उंचवटे दिसतात. ते सरी-वरंबे आहेत, मध्ययुगात बैलांच्या नांगराने पडलेले. पार्क झाल्यावर ती जमीन पुन्हा कधी नांगरली गेली नाही, म्हणून ते टिकले. म्हणजे त्या गवतावर उभं राहिलं की पायाखाली कुणाचं तरी शेत असतं. मी सर्वेक्षणाला डिसेंबर-जानेवारीतच जाते, त्याचं हे मुख्य कारण. दुपारी बारालासुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम पंधरा अंशांवर असतो, आणि वीतभर उंचवट्याचीही सावली पडते.

पैसा कुठून आला हाही भाग आहेच. काही घरांत तो शेतीचा आणि खाणींचा, काही घरांत वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या मळ्यांचा, आणि काही घरांत थेट आपल्याकडचा. रॉबर्ट क्लाइव्हने बंगालहून परतल्यावर सरेमधलं क्लेअरमाँट विकत घेतलं आणि घर व बाग दोन्ही ब्राउनकडून करून घेतलं. ग्लॉस्टरशरमध्ये सेझिनकोट म्हणून घर आहे, ईस्ट इंडिया कंपनीत राहिलेल्या चार्ल्स कॉकरेलचं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने ते घुमट आणि छत्र्यांसह मुघल धर्तीवर बांधवून घेतलं. बागेतल्या पुलाच्या कठड्यावर नंदी बसवलेत आणि वर सूर्याचं देऊळ आहे. भारतात चित्रं काढत फिरलेल्या टॉमस डॅनियलने त्यात मदत केली. आईवडिलांना ते विलक्षण वाटेल. क्रूमचं घरही १९७९ ते १९८४ या काळात 'इस्कॉन'कडे होतं. जेवणाच्या दालनातली चुन्याची फळंफुलं त्या भक्तांनी भडक रंगांत रंगवली, आणि ती तशीच राखली आहेत. ती राखण्याचा निर्णय मला मनापासून पटतो. घराच्या इतिहासातलं तेही एक खरं पान आहे.

आता आजच्या कामाबद्दल, कारण "मग आता तिकीट कशाचं?" असंही तुम्ही विचारलंय. क्रूमची जमीन विसाव्या शतकात खूप हालअपेष्टांतून गेली. दुसऱ्या महायुद्धात इस्टेटीवर हवाई दलाचं डेफर्ड विमानतळ झालं, जिथे विमानांतल्या रडारच्या चाचण्या होत. १९६० च्या दशकात एम-५ महामार्ग इस्टेटीतून गेला, त्याचा आवाज तुम्ही ऐकला असेल. बरंचसं कुरण नांगरून पिकाखाली गेलं होतं. १९९६ मध्ये जुनी घरं-बागा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने पार्क घेतलं, गाळ काढला, शेतं पुन्हा कुरणात बदलली आणि झाडं लावली. तिकिटाचे पैसे अशा कामात जातात.

या कामात ठरलेलं एकच उत्तर कधी नसतं. एक उदाहरण देते. एखाद्या तळ्याच्या बांधावर मोठाली झाडं वाढलेली असतात. मालकाला ती प्रिय असतात, गावकऱ्यांनाही. पण बांधावरच्या झाडाचं मूळ मळलेल्या मातीत शिरतं. झाड मेलं की मूळ कुजतं आणि तिथून पाण्याला वाट मिळते. झाड वादळात उन्मळलं तर बांधाचा लचकाच तुटतो. इंग्लंडमध्ये १९७५ चा जलाशय कायदा आहे. जमिनीच्या पातळीच्या वर २५,००० घनमीटरहून जास्त पाणी धरणाऱ्या तळ्याला तो लागू होतो, मग ते तळं शोभेचं असलं तरी. यातल्या जास्त धोक्याच्या तळ्यांवर तज्ज्ञ अभियंत्याची देखरेख असते. तो म्हणतो झाडं काढा. वटवाघळांचा अभ्यासक म्हणतो ढोलीत वटवाघळं आहेत, काढू नका. मी जुन्या नकाशात पाहते की ती झाडं मूळ आराखड्यात होती का. बहुतेक वेळा नसतात, मागाहून आपोआप उगवलेली असतात. मग माझं मत काढण्याच्या बाजूने पडतं, टप्प्याटप्प्याने, आणि खोड मुळासकट उपटून न टाकता. बांधाखाली वस्ती असेल तर मी वेळही घालवत नाही.

झाड मेलं तर बदली काय लावायचं, हा त्याहून अवघड प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काढलेले ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-खात्याचे मोठ्या प्रमाणावरचे नकाशे इतके बारकाईचे आहेत की पार्कातलं एकेक झाड त्यात टिंबासारखं दिसतं. त्यामुळे जागा कळते. जात मात्र बदलावी लागू शकते. एल्म तर १९७० च्या दशकातल्या रोगाने देशभरातून जवळजवळ नाहीसे झाले. १९८७ च्या ऑक्टोबरातल्या एका रात्रीच्या वादळात दक्षिण इंग्लंडमध्ये सुमारे दीड कोटी झाडं पडली, पेटवर्थसारख्या ब्राउनच्या पार्कातलीही. आता ॲशच्या झाडांना मर लागली आहे आणि उथळ मुळांचा बीच कोरड्या उन्हाळ्यात तग धरत नाही. माझा कल असा: एकट्या झाडाच्या बाबतीत आकार आणि सावली जपायची, जात जमली तर जपायची. पुंजक्यात मात्र जाती मिसळायच्या, म्हणजे पुढच्या रोगाने सगळा पुंजका एकदम जाणार नाही. माझ्या क्षेत्रातले काही जाणते लोक याच्या विरुद्ध आहेत. मूळ जातच हवी, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि जमीन ओलसर व खोल असेल तिथे मी त्यांचं ऐकते.

नदीकाठी तुम्हाला जुलै-ऑगस्टमध्ये गुलाबी फुलांचं उंच झाडोरं दिसेल. तो हिमालयातला तेरडा. १८३९ मध्ये इथे शोभेसाठी आणला आणि आता काठच्या काठ व्यापून बसलाय. शेंग फुटली की बी दूरवर उडतं, पाण्याबरोबर पुढे जातं. हिवाळ्यात तो मरतो आणि काठ उघडा पडून ढासळतो, तोच गाळ तळ्यात येतो. मुळं उथळ असल्याने हाताने सहज उपटता येतो, मात्र बी धरण्याआधी.

शेवटी, कुठे न्यायचं ते. वडिलांना चालवत असेल आणि थंडी सोसत असेल तर क्रूमला पुन्हा जा, पण जानेवारीतल्या उघडीप असलेल्या दिवशी, सकाळी. आधी चर्चच्या टेकडीवर उभं राहून खाली पाहा, मग पाण्याच्या काठाने घराकडे या, आणि घराच्या पायऱ्यांवरून चर्चकडे उलट बघा. आईंना देवळं आणि पाणी एकत्र आवडत असेल तर विल्टशरमधलं स्टूअरहेड. ते ब्राउनचं नाही. हेन्री होअर या बँकवाल्याने दरीत बांध घालून तळं केलं आणि काठाने फ्लोराचं देऊळ, पँथिऑन, अपोलोचं देऊळ, गुहा असं एकेक उभारलं. ते चालत पाहायचं असतं, दर वळणावर पुढचं देऊळ पाण्यापलीकडे दिसतं. प्रदक्षिणेची वाट चढउताराची आहे, गुडघे दुखत असतील तर बेताने. ऑक्टोबरअखेर पानं रंगतात तेव्हा शनिवार-रविवारी तिथे फार गर्दी होते, मधल्या वारी जा.

आणि दोघांना खरोखर फुलंच पाहायची असतील तर त्यात काही कमीपणा नाही. त्यांना जूनमध्ये हिडकोटला न्या. ग्लॉस्टरशरमध्येच आहे, तुमच्यापासून गाडीने फार लांब नाही. १९०७ पासून लॉरेन्स जॉन्स्टनने ती बाग कुंपणझाडांच्या भिंतींनी खोल्या-खोल्यांसारखी घडवली, आणि तिथे ताटवेच ताटवे आहेत.